कोंबडीपायी रडलेला डॉक्टर

सिंदेवाहीपासून आत, जंगलाच्या कडेला कळमटोला नावाचं गाव आहे. तिथल्या ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर प्रवीण गुरनुले बरीच वर्षं नोकरीला होते. माणूस मूळचा ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या शेतीत वाढलेला. नागपूरला शिकला आणि शिकून परत धानाच्या बांध्यांमध्येच आला. अंगानं दणकट, आवाजानं मऊ, हाताला यश. खोड एकच होती. त्यांना 'नाही' म्हणता येत नसे.

हे गावाला आठवड्याभरातच कळलं होतं. बैल पाहायला बोलावलं की डॉक्टर बैल पाहायचे. 'आता आलेच हा त' म्हणून बकरी पुढं यायची. बकरी झाली की सासऱ्याची कंबर. कंबर झाली की कोणीतरी म्हणायचं, "तुमी शिकले-सवरले जी, ह्या मोटारपंपाचं काय झालं तेवढं पाहून घ्या." डॉक्टर पंपही पाहायचे. एकदा तर ते शाळेच्या रांगोळी स्पर्धेचे परीक्षक होऊन बसले, कारण हेडमास्तरांची म्हैस गाभण होती आणि तिला तपासायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत कसा पाठवायचा!

मग घरोघरी मोठे फोन आले आणि व्हिडिओ कॉल सुरू झाले. डॉक्टर जेवायला बसले की फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला असे आणि त्यात कोणाच्या ना कोणाच्या म्हशीचं मागचं अंग दिसे. त्यांची बायको उर्वशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणे, "अवो, निदान वरण संपेपर्यंत त तिले पलटवाले सांगा." डॉक्टर फोनवाल्याला तसं सांगायचे, पण तोवर वरण गार झालेलं असे.

हे सगळं निभत होतं, पण मधे लम्पीची साथ आली. जनावरांच्या अंगावर गाठी उठायला लागल्या आणि डॉक्टर सकाळी उजाडताच निघून गोठ्यागोठ्यातून फिरायला लागले. लस टोचायची, जखमा धुवायच्या, ताप उतरवायचा. कितीतरी ढोरं उठली. कितीतरी उठली नाहीत. मालक डॉक्टरांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायचे आणि डॉक्टर "हो, हो" म्हणत पुढच्या गोठ्याकडं जायचे. साथ ओसरली तर वाघ होताच. वाघानं गाय मारली की फाडून पाहायला आणि भरपाईच्या कागदावर सही करायला डॉक्टर लागतो. तिथंही कोणीतरी रडत असायचं आणि तिथंही डॉक्टर "हो, हो" म्हणायचे.

साथ गेली तशी डॉक्टरांची झोपही गेली. जेवणाची चव गेली. आधीच कमी बोलणारा माणूस, तो आता ढोरांशी जेवढं बोलावं लागतं तेवढंच बोलायला लागला आणि तेही माणसांशी. धाकट्या मेहुण्याच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, नवरीच्या वडलांना भेटताना त्यांनी सवयीनं त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "हो... हो... उभा राय." ते गृहस्थ पंगत बसेपर्यंत बिचारे उभेच राहिले. घरी कुकरची शिट्टी झाली की डॉक्टर म्हणायचे, "आलो, आलो. ढोर खोड्यात घालून ठेवा."

उर्वशीनं विचारलं, "तुमाले काही होऊन राह्यलं का?"

"काही नाही."

तेवढं एक 'नाही' त्यांना म्हणता यायचं.

अशात थंडीचे दिवस आले. एके सकाळी दवाखान्यापुढं छान ऊन पडलेलं असताना आशाबाई निकुरे टोपलीत कोंबडी घेऊन आल्या. कोंबडीला कुत्र्यानं धरलं होतं. आशाबाई मोठ्या व्यवहारी. त्यांनी टोपली पायरीवर ठेवली आणि सरळ विचारलं, "डॉक्टर, पाहा जी. जगत असन त सुई द्या. जगत नसन त आत्ताच सांगा, मले मसाला वाटाचा हाये."

डॉक्टरांनी कोंबडी मांडीवर घेतली. पंखाखालची जखम धुतली. कोंबडीनं एका डोळ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. "पाहतो मी, पाहतो," डॉक्टर तिला म्हणाले. कोंबडीनं एक पाय लांब केला आणि मान टाकली.

आणि डॉक्टर रडायला लागले.

आशाबाईंना आधी वाटलं, उचकी लागली. मग त्यांनी वाकून पाहिलं तर गालांवरून धारा लागलेल्या. पायरीवर बसून, मेलेली कोंबडी पोटाशी धरून, चाळिशी ओलांडलेला सरकारी अधिकारी लहान पोरासारखा हुंदके देत होता. दवाखान्यातला शिपाई पोचू आतून धावत आला. त्याला सगळ्या जन्मात एकच तातडीचा उपाय ठाऊक होता. ढोर थरथरायला लागलं की पाठीवर पोतं टाकायचं. त्यानं डॉक्टरांच्या पाठीवर पोतं टाकलं.

"अवं माय!" आशाबाई घाबरल्या. "डॉक्टर, कोंबडीच होती ना जी! मी तुमाले दुसरी देईन."

डॉक्टर आणखीच रडले.

"दोन देईन," आशाबाई म्हणाल्या.

कसंबसं रडणं थांबलं. डॉक्टरांनी तोंड धुतलं, आशाबाईंची माफी मागितली आणि आत जाऊन नळाखाली सुया धूत बसले, ज्या एकदा वापरून फेकायच्या असतात.

आशाबाई कोंबडी घेऊन घरी गेल्या खऱ्या, पण पाट्याशी बसून त्यांचा हात पुढं जाईना. ज्या कोंबडीसाठी एवढा शिकलेला माणूस रडला ती फोडणीला कशी टाकायची? शेवटी त्यांनी ती सीताफळाच्या झाडाखाली पुरली, वरून हळदकुंकू वाहिलं आणि हापशीवर पाण्याला गेल्या. तिथं त्यांनी झालेली हकीकत सांगितली. त्यांनी खरी तीच सांगितली. पुढं जे झालं त्यात त्यांचा दोष नाही.

दुपारपर्यंत शेजारच्या गावात बातमी पोचली की डॉक्टरांची लाडकी कोंबडी मेली. त्यापुढच्या गावात, की डॉक्टरांच्या सगळ्या कोंबड्या मेल्या. सिंदेवाहीत ती पोचली तेव्हा कोंबड्यांची मोठी साथ आली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. मोबाइलवरच्या एका बातमीवाल्यानं मथळा दिला, 'कळमटोल्यात कोंबडीचा गूढ मृत्यू, डॉक्टरांना अश्रू अनावर'. आठवडी बाजारात चिकनवाला दिवसभर माश्या हाकत बसला आणि शेजारचा वांगीवाला मालामाल झाला. गडचांदूरला बातमी जाईतो तिचा आकार फारच बदलला असावा, कारण संध्याकाळी तिथून उर्वशीच्या नणंदेचा फोन आला आणि ती आधीपासूनच रडत होती.

"केव्हा नेऊन राह्यले?" नणंदेनं विचारलं.

"कोणाले?"

"प्रवीणले!"

उर्वशीनं ओसरीवर पाहिलं. प्रवीण खाली मान घालून वालाच्या शेंगा सोलत होते. टरफलं भांड्यात टाकत होते आणि दाणे सुपाऐवजी जमिनीवर.

"अजून आहेत," उर्वशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून साहेबांची गाडी आली. मागून दुसरी गाडी आणि तिच्यातून नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरली. सारं गाव आशाबाईंच्या घरामागच्या वाडीत जमलं. कोंबडी उकरून काढायची म्हटल्यावर आशाबाई आडव्या आल्या, पण साहेबांनी फार अदबीनं समजावलं तेव्हा त्या बाजूला झाल्या आणि उदबत्ती लावून आल्या. पांढऱ्या कपड्यांतल्या एकानं कोंबडी उलटीपालटी करून पाहिली.

"साहेब, ह्या दातांच्या खुणा आहेत. कुत्रा."

"कोणाचा कुत्रा?"

गावकऱ्यांना उत्तर द्यावं लागलं नाही. भुऱ्या नावाचा एक तांबूस कुत्रा गर्दीतून वाट काढत आला, कोंबडीचा वास घेतला आणि साहेबांच्या बुटांपाशी शेपूट हलवत बसला. हा कुत्रा गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात राहायचा. तिथले डॉक्टर निकेश मडावी त्याला रोज आपल्या डब्यातलं खाऊ घालायचे. निकेश डॉक्टर गर्दीच्या मागं उभे होते, ते आणखी थोडे मागं सरकले.

तरी नमुने तपासायला गेलेच आणि पुढं त्यांत काही निघालं नाही. पण साहेबांचा मुख्य प्रश्न राहिला होता. त्यांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं.

"गुरनुले, साथ नाही, काही नाही. मग तुम्ही रडलात कशाला?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"हो काय?"

"रडलो, साहेब."

"अहो, पण कारण?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. आत काहीतरी होतं, पण ते बाहेर येईना. साहेबांनी घड्याळात पाहिलं. मग सरकारी माणूस अडला की जे म्हणतो तेच म्हणाले. "लेखी खुलासा द्या."

डॉक्टर घरी येऊन कागद घेऊन बसले. वर लिहिलं, 'विषय : अश्रूंबाबत'. खाली 'उपरोक्त विषयान्वये' एवढं लिहून पेन थांबला. उर्वशी शाळेतून आली तरी ते तसेच बसलेले होते. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली, 'डोळ्यांत कचरा गेला', आणि सही केली.

उर्वशीनं ते वाचलं. तिला हसू आलं आणि ते मधेच अडकलं. ती त्यांच्याजवळ बसली. "केव्हापासून जमवून राह्यले एवढा कचरा?"

तेव्हा डॉक्टर बोलले. कोंबडीबद्दल नाही. लम्पीत मेलेल्या बिरजूच्या बैलजोडीबद्दल बोलले. बिरजू जंगलातल्या एका टोल्यावर, लहानशा वस्तीत, राहणारा. त्याचा एक बैल सकाळी गेला आणि दुसरा पाहता पाहता संध्याकाळी. बिरजूनं डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता आणि सोडत नव्हता. डॉक्टरांनी तो हात सोडवून घेतला, कारण पुढच्या टोल्यावर माणसं वाट पाहत होती.

"मले तिथी बसाचं होतं, उर्वशी. वेळच नव्हता."

उर्वशीनं खुलाशाचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ब्रह्मपुरीच्या सरकारी दवाखान्यात मनाचं पाहणाऱ्या एक मॅडम येतात. उद्या त्यांचा दिवस आहे. माझ्या शाळेत परीक्षा नसती त मीच नेलं असतं. जा तुमी."

"अना ढोरं?"

"ढोरं एक दिवस उभी राहतील."

डॉक्टर हो म्हणाले. म्हणणारच होते.

जाताना मात्र त्यांनी पुरती काळजी घेतली. अर्ध्या तालुक्याची ढोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणजे अर्धा तालुका ओळखीचा. ढोराचा डॉक्टर वेड्याच्या डॉक्टरकडं गेला, असं झालं तर! म्हणून त्यांनी तोंडाला दुपट्टा बांधला, वर हेल्मेट चढवलं आणि गाडी लावल्यावरही ते काढलं नाही. तसेच आत गेले आणि बाकावर बसले. बाकावर आधीच एक माणूस बसलेला होता. त्यानंही तोंडाला दुपट्टा बांधला होता आणि हेल्मेट घातलं होतं. दोघं एकमेकांकडं न पाहता समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचा तक्ता वाचत राहिले.

नर्सबाई बाहेर आल्या. "तुमी दोघं इथी गाडी चालवाले आले का? काढा ते डोक्यावरचं."

दोघांनी हेल्मेट काढलं. दुपट्टे सोडले. शेजारी निकेश मडावी होते. भुऱ्याचे पालक.

"अरे," निकेश म्हणाले. "सर, तुम्ही?"

"तुम्ही?"

"मी एका पेशंटबद्दल विचारायला आलो होतो."

"मी पण," डॉक्टर गुरनुले म्हणाले.

"कोणता पेशंट?"

डॉक्टरांना खोटं बोलायची सवय नव्हती. "बैल," ते म्हणाले.

निकेशनी मान हलवली. बैलाला असं काय झालं असेल याचा त्यांनी मनापासून विचार केला असावा, कारण थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "झोप लागत नाही का त्याला?"

"नाही."

"माझ्या पेशंटलाही."

तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून ओळखीचा आवाज आला. कळमटोल्याचे मुखरूभाऊ तिथं तंबाखू मळत मजेत बसले होते. बायको गेल्यापासून मुखरूभाऊंचं मन ठिकाणावर राहत नसे आणि ते दर महिन्याला इथं येऊन औषध नेत. त्यांनी ते कधी लपवलं नव्हतं, पण त्यांना कधी कोणी विचारलंही नव्हतं.

"दोघं भी आले का जी!" मुखरूभाऊंना फार आनंद झाला. "बरं केलं. म्याडम भल्ल्या चांगल्या हायेत. माया नंबर पुढं हाये, पण तुमी जा. तुमाले जास्त गरज दिसून राह्यली."

समुपदेशक करिश्मा मॅडम वयानं लहान होत्या. डॉक्टरांना वाटलं होतं, आता जीभ काढायला लावतील. त्यांनी नुसतं विचारलं, दिवस कसा जातो? डॉक्टरांनी सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. मग एकाएकी म्हणाल्या, "डॉक्टर, मला तुमची मोटारसायकल हवी आहे. आठवडाभर. द्याल?"

डॉक्टरांनी खिशात हात घालून किल्ली टेबलावर ठेवली.

"आणि तुम्ही घरी कसे जाणार?"

"पाहतो काहीतरी," डॉक्टर म्हणाले.

मॅडमनी किल्ली परत त्यांच्याकडं सरकवली. त्यांना हसू दाबता आलं नाही, आणि मग डॉक्टरांनाही आलं नाही. फार दिवसांनी हसल्यामुळं त्यांचे जबडे दुखले.

मग मॅडमनी नीट समजावलं. रोज दुसऱ्यांचं दुःख अंगावर घेणाऱ्यांना असं होतं. माणसांच्या डॉक्टरांना होतं, नर्सबाईंना होतं, ढोरांच्या डॉक्टरांना तर जास्तच, कारण त्यांचा पेशंट बोलत नाही आणि मालकाचं बोलणं संपत नाही. यात लाज नाही, आणि यावर उपाय आहे. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून झोपेसाठी थोडे दिवस औषध दिलं. मॅडमनी दोन कामं दिली. दिवसातून एकदा कोणाला तरी 'नाही' म्हणायचं. आणि आठवड्यातून एकदा आवडीचं काहीतरी करायचं.

"काय आवडतं तुम्हाला?"

एवढा अवघड प्रश्न त्यांना नागपूरच्या परीक्षेतही आला नव्हता. "लहानपणी," शेवटी ते म्हणाले, "बोडीवर गळ टाकून बसायला आवडायचं."

बाहेर आल्यावर दोघा डॉक्टरांनी समोरच्या टपरीवर चहा घेतला. आता बैलाचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. निकेश गडचिरोलीकडचे, स्वभावानं थट्टेखोर. पण चहाचा कप हातात फिरवत ते म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात एक बाळंतीण माझ्यापर्यंत पोचलीच नाही. नाल्याला पूर होता. मी अलीकडं उभा, ती पलीकडं. सगळे सांगतात, माझा दोष नव्हता. मीही स्वतःला तेच सांगतो. रोज संध्याकाळी भुऱ्याला सांगतो."

"भुऱ्या काय म्हणतो?"

"ऐकून घेतो. मग उठून कोंबड्या धरायला जातो."

डॉक्टर गुरनुल्यांना चहाचा ठसका लागला. निकेशनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि दोघं रस्त्याच्या कडेला डोळे पुसत हसत राहिले.

निघताना त्यांनी मुखरूभाऊंना गाठलं आणि हात जोडले. "भाऊ, गावात सांगू नका."

"मी कायले सांगू जी?" मुखरूभाऊ दुखावले. "मी का तसा मानूस हाओ?"

मुखरूभाऊ ज्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसले, तिच्यात सिंदेवाहीपर्यंतची एकूण एक गावं बसलेली होती. त्यांनी सांगितलं काहीच नाही. फक्त एवढं म्हणाले, की आज मी कोणाले पाहिलं ते काही मी सांगणार नाई, दोघाईनंही मले हात जोडले. बाकी जीपनं विचारून घेतलं आणि फोनवरून पुढं पोचवलं.

डॉक्टर घरी पोचायच्या आत गाव ओसरीवर येऊन बसलं होतं. त्यांनी डोक्याला हात लावला. आता हसतील, कुजबुजतील. पण कोणी हसलं नाही. गाव काळजीत होतं आणि गावाची काळजी ही हसण्यापेक्षा फार जड असते. आशाबाईंनी कबूल केल्याप्रमाणं दोन कोंबड्या पाय बांधून आणल्या होत्या. कोणी जवसाची चटणी आणली, कोणी मोहफुलांचे लाडू. एकानं गंडा आणला होता आणि तो बांधू का ताईत बांधू यावर दुसऱ्याशी त्याचं भांडण झालं.

आणि फोन दुप्पट झाले. पूर्वी माणसं सरळ म्हशीचं बोलायची. आता आधी विचारायची, "डॉक्टर, बरे हा ना जी? झोप आली का? रडले त नाई ना आज?" एवढं आस्थेनं विचारून मग म्हणायची, "बरं, म्हैस भी बिमार हाये." डॉक्टर हो म्हणायचे आणि जायचे. मॅडमनी दिलेलं पहिलं काम तसंच राहिलं होतं. रोज सकाळी दाढी करताना ते आरशात पाहून म्हणायचे, "नाही." आरसा काही मागत नसल्यामुळं ते सोपं जायचं.

दुसरं काम निकेशनी अंगावर घेतलं. रविवारी सकाळी ते दोन गळ आणि गांडुळांचा डबा घेऊन दारात उभे राहिले. फोन उर्वशीनं काढून घेतला आणि पिठाच्या डब्यात ठेवला. दोघं डॉक्टर गावामागच्या बोडीवर गेले. लहानसा तलाव, काठाला पळसाची झाडं, पाण्यावर थंडीची पांढरी वाफ. गळ पाण्यात सोडले आणि डॉक्टर गुरनुल्यांना वाटलं, आपल्या छातीवर बसलेलं कोणीतरी जरा बाजूला सरकलं.

मग मागं पाचोळा वाजला. मुखरूभाऊ होते. "बसा, बसा. मी नुसता पाहाले आलो." थोड्या वेळानं पोचू आला, हातात पोतं, न जाणो लागलं तर. मग आशाबाई चिवडा घेऊन आल्या. हळूहळू काठावर चांगली ओळ बसली. डॉक्टर बरे आहेत की नाहीत हे पाहायला आलेली माणसं चिवडा खात, मासे का लागत नाहीत यावर मोठमोठ्यानं चर्चा करत होती. मासे केव्हाच पलीकडच्या काठाला निघून गेले असणार.

आणि मग झिंगू आला. झिंगू शेंडे, कमरेएवढा उंच बोकड दोरीनं ओढत. "डॉक्टर, बरे भेटले जी. याचा कान पाहून घ्या न. भल्ला हलवून राह्यला."

गळ तसाच धरून डॉक्टर अर्धे उठले. 'आणा इकडं' हे शब्द दातांपर्यंत आलेही होते. त्यांनी निकेशकडं पाहिलं. निकेश पाण्याकडं पाहत होते आणि ओठ दाबून होते. काठावरचा चिवडा थांबला. डॉक्टरांना घाम आला. लम्पीत आला नव्हता एवढा घाम त्या थंडीत आला.

"नाही," ते म्हणाले.

आवाज नको तेवढा मोठा निघाला. बोकड दचकून खाली बसला. झिंगूचं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरांना वाटलं, आता आभाळ पडेल.

"आज नाही, झिंगू," ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू. "कानच हलवतो आहे ना? रक्त नाही, पू नाही. चारा खातो आहे. उद्या सकाळी दवाखान्यात आण. आज मी मासे धरून राह्यलो."

झिंगूनं बोकडाकडं पाहिलं. बोकडानं झिंगूकडं.

"बरं जी," झिंगू म्हणाला. "उद्या आणतो." आणि काठावर बसकण मारून त्यानं चिवड्यासाठी हात पुढं केला. एवढंच. आभाळ जागच्या जागी होतं. डॉक्टर गळ धरून बसले आणि कितीतरी वेळ त्यांना हेच कळेना, की हे एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं आपण काय करत होतो. त्यांनी झिंगूला तसं विचारलंही.

"तुमी कधी सांगतलंच नाई जी," झिंगू चावत चावत म्हणाला. "आमाले वाटे, तुमाले हाऊस हाये."

त्या दिवशी मासा एकही लागला नाही. पण डॉक्टर घरी आले ते भूक लागली म्हणत आले.

पुढं सगळं एकदम ठीक झालं असं नाही. मधे मधे झोप जायची, तेव्हा ते ब्रह्मपुरीला जायचे, दुपट्टा न बांधता. निकेश आणि ते मिळून आणखी काही जणांना ओढू लागले. महिन्यातून एकदा सिंदेवाहीच्या एका हॉटेलच्या मागच्या खोलीत आसपासचे ढोरांचे आणि माणसांचे डॉक्टर, दोन-चार नर्सबाई बसायला लागल्या. पहिल्या बैठकीत कोणी बोलेना. सगळे आलुबोंडे खात राहिले आणि आलुबोंड्यांची स्तुती करत राहिले. मग एक नर्सबाई बोलायला लागल्या आणि त्यांचा चहा गार झाला, मग सगळ्यांचाच झाला. एकदा जिल्ह्याचे साहेबही आले. 'मी फक्त पाहणीसाठी' म्हणून दाराजवळ बसले. जाताना डॉक्टर गुरनुल्यांना म्हणाले, "तुमचा तो खुलासा मिळाला होता. मंजूर केला." दारातून पुन्हा वळून म्हणाले, "पुढच्या बैठकीला मी आत बसलो तर चालेल का?"

उन्हाळ्याच्या तोंडाला बिरजूच्या टोल्यावर वाघानं गाय मारली. डॉक्टर गेले. काम केलं, कागद केले, वनरक्षकाच्या हाती दिले. पोचू गाडीजवळ जाऊन उभा राहिला. पण डॉक्टर आले नाहीत. ते बिरजूच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली बसले. बिरजूची बायको सोमारी हिनं दोघांपुढं आंबील ठेवली. मग बिरजूच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यानं डॉक्टरांचा हात धरला. डॉक्टरांनी तो धरू दिला. त्यांच्याही डोळ्यांना थोडं पाणी आलं, ते त्यांनी येऊ दिलं. मग दोघांनी आंबील प्यायली आणि बैलजोडीची नावं काढून खूप वेळ बोलत बसले. एक कसा नाठाळ होता आणि दुसरा कसा त्याला सांभाळून घ्यायचा.

दुपारी घरी येऊन डॉक्टर पोटभर जेवले आणि ओसरीवर आडवे झाले. फोन वाजला तो उर्वशीनं उचलला.

"डॉक्टर झोपले आहेत," ती म्हणाली.

"बिमार हाये का जी?" पलीकडून कोणीतरी घाबरून विचारलं.

"नाई. जेवले अना झोपले."

"बरं बाई, झोपू द्या मंग," पलीकडचा माणूस म्हणाला. "मशीले तशी काही घाई नाई."